खात्यानं गाळलेलं पान

अक्का,

तुझा फोन आता माझ्या खिशात वाजतो. गॅसवाला, बँक, कुणी विमा विकणारी बाई. सगळ्यांना मी एकच सांगतो, सुगुणाबाई गेल्या. कुणी ‘अय्यो’ म्हणतं, कुणी ‘परत कधी येतील?’ असं विचारतं आणि माझ्या शिव्या खातं. काही दिवसांपूर्वी मात्र चेन्नईहून फोन आला, तुझ्या त्या सरकारी खात्यातून. ती मुलगी, जी तुला मॅडम म्हणायची आणि जिला तूही मॅडम म्हणायचीस. तिला आधीच कळलं होतं. मनापासून हळहळली, खोटं कशाला बोलू? मग घसा साफ करून म्हणाली, "सर, नवं संकेतस्थळ सुरू झालंय. मॅडमनी केलेलं सगळं घेतलंय. ते एक पान तेवढं गाळलं."

कोणतं पान, हे मी विचारलं नाही. आपल्या घरात त्या पानाला नाव द्यायची गरजच कधी पडली नाही. ‘पान’ म्हटलं की ते.

तू गेल्यापासून इथं कुंभकोणमच्या मठात जो तो मला गाठून सांगतो, सुगुणाबाई फार शांत हो. मी ऐकून घेतो. शांत! आपली भांडणं रस्त्याच्या टोकापर्यंत ऐकू जायची. ती मराठीत असायची आणि रस्ता सगळा तमिळ, म्हणून अब्रू राहिली एवढंच. तुझं लग्न झालं नाही, माझं टिकलं नाही, आणि ऐंशी पार केलेली अत्त्या दोघांच्या मध्ये बसून भाजी चिरत राहिली. आपला संसार तो असा. हे सगळं मी पुस्तकी मराठीत लिहितोय, ते वाचून तू नाक मुरडशील. मुरड. घरातली बोली लिहायला गेलो असतो तर पुण्याकडच्या लोकांनी ‘किती गोड, किती जुनी’ म्हणून कौतुक केलं असतं आणि मुद्दा तिथंच राहिला असता.

मुद्दा असा की मी चिडलोय.

शाळेतून निवृत्त झाल्यावर गप्प बसणं तुला जमणारं नव्हतं. त्या खात्याला लोकांना कॉपीराइट शिकवायचा होता, इंटरनेटवरून. इंग्रजीतला मजकूर तमिळमध्ये करायला माणूस हवं होतं. तू अर्ज केलास, करार झाला, आणि आपल्या जेवायच्या टेबलावर सरकार येऊन बसलं. मी पितळेची भांडी विकणारा माणूस. समया, घागरी, पूजेची ताटं. मला काय त्याचं? पण तू कॉफी पिता पिता मोठ्यानं वाचायचीस, आणि ऐकलं की माझं डोकं फिरायचं. एक उंदीर होता, आठवतो? एका डोळ्यावर काळी पट्टी, पुस्तक कुरतडणारा. मुलांसाठी म्हणे. मग एक प्रश्नमंजूषा. मित्राच्या पुस्तकाचं एक पान तुम्ही झेरॉक्स केलं, तर तुम्ही कोण? उत्तराला चार पर्याय आणि चारही पर्यायांत शिवी. सगळ्यांत शेवटी प्रतिज्ञा. बटण दाबा, ‘मी नक्कल करणार नाही’ म्हणा, नाव भरा, सोनेरी किनारीचं प्रशस्तिपत्रक घ्या.

"हे शिक्षण आहे की दम देणं?" मी विचारलं होतं.

"आधी भाषांतर करूं दे की," तू म्हणालीस. "मग भांड."

मी तेव्हाच भांडलो. माझं म्हणणं तुला पाठ होतं, तरी पुन्हा सांगतो, कारण ते मी मागे घेतलेलं नाही. ज्याच्या दारात वकील उभा, त्याच्यासाठी हा कायदा. शेजारच्या स्वामीमलैत मूर्तिकार पिढ्यान्‌पिढ्या तोच नटराज, तीच लक्ष्मी ओततायत. बापाची मूर्ती बघून मुलगा करतो, मुलाची बघून शेजारी करतो. माझ्या दुकानातली समई कुणी पहिल्यांदा घडवली, कुणाला ठाऊक? आणि आता सरकार डोळ्यावर पट्टी बांधलेला उंदीर पाठवून आम्हांला विचारणार, परवानगी घेतली का? तू म्हणायचीस, "त्या समईला परवानगी लागतच नाही, मादू. कायद्यांतच लिहिलंय." मी म्हणायचो, "मग ते उंदराला सांग." तू हसायची नाहीस. चष्मा पुसायचीस, म्हणजे पुढचं भांडण तयार आहे असं समजायचं.

आणि तू काही माझ्या बाजूचीही नव्हतीस, हे लोकांना कळायला हवं. दुकानाच्या कॅलेंडरवर मी महामहमच्या तळ्याचा फोटो छापायला घेतला. इंटरनेटवरून उचललेला, पहाटेच्या उजेडातला, सुरेख. तू तो बघितलास आणि जेवणाचं ताट बाजूला सारलंस. मी म्हटलं, "तळं गावाचं आहे." तू म्हणालीस, "तळं गावाचं. पहाटे उठून तिथं उभा राहिला तो माणूस वेगळा." मग स्वतः शोध घेतलास. फोटो काढणारा आपल्याच गावचा निघाला, कॉलेजजवळ राहणारा. त्याला भेटलीस, विचारलंस, आणि तो एवढा खूश झाला की आणखी तीन फोटो देऊन गेला. खाली नाव तेवढं छापा म्हणाला. मी छापलं. मला वाटतं की विचारलं नसतं तरी त्याला राग आला नसता. हे भांडण आपलं संपलेलं नाही.

पण पान लिहायला तुला लावलं ते अत्त्यानं. तिला मोबाइलचा नवा नाद. तुझं काम आपल्यालाही करता येतं का हे बघायला तिनं एके दिवशी ते बटण दाबलं, प्रतिज्ञा केली आणि प्रशस्तिपत्रक मिळवलं. दोन दिवस घरात मिरवली. तिसऱ्या दिवशी पहाटे समोरच्या मामी आपल्या दारात, काळजीनं तोंड एवढंसं झालेलं. म्हणाल्या, तुमच्या अत्त्याचं डोकं ठिकाणावर आहे ना? सडा घालून, पिठाचा डबा हातात घेऊन अत्त्या त्यांच्याकडे गेली होती, परवानगी मागायला. त्यांच्या दारात आदल्या दिवशी कमळांचं कोलम होतं, पिठाची रांगोळी. ते तिला आपल्या दारात काढायचं होतं.

मी पोट धरून हसलो. तू मात्र अत्त्याजवळ जमिनीवरच बसलीस.

"अत्त्या, जन्मभर काढतेस की दुसऱ्यांचीं कोलमं. अत्तां काय झालं?"

"तेव्हां मी शपथ घेतली नव्हतीं," अत्त्या म्हणाली. "सरकाराला सांगट्लें मी, नक्कल करणार नाहीं म्हणून. माझं नांव छापून दिलं त्यांनी. नोको ग बाई, ह्या वयाला पोलीस नोको."

त्या दिवशी आपल्या दारात कोलम पडलं नाही. दुपारी जेवताना म्हणालीस, "कुंभकोणममधल्या एका म्हातारीला मी कोलम काढायला घाबरवलं. माझ्या तमिळनं घाबरवलं." मला वाटलं, आता ही काम सोडणार. मी तर आनंदानं तयारच होतो. पण तू सोडलं नाहीस. "अर्धा कायदा वाचून माणूस भितो," म्हणालीस. "उरलेला अर्धा मी लिहिते."

असं ते पान सुरू झालं. ‘न विचारता काय करता येतं.’ खात्यानं मागितलेलं नव्हतं. तू स्वतःहून लिहायला घेतलंस, खात्याला कळवलंस, आणि त्या मुलीनं ‘बघू’ म्हटलं यावर चिकटून राहिलीस. तुझी पद्धत बघताना मला मजा यायची, बोललो नाही कधी. आधी कायद्याचं इंग्रजी कलम घ्यायचं. ते स्वयंपाकघरात उभं राहून आपल्या मराठीत अत्त्याला सांगायचं. तिला कळलं तरच तमिळमध्ये लिहायचं. सांगून झालं की अत्त्या विळी थांबवून दर वेळी एकच म्हणायची, "तें सरी. अत्तां मी काय करूं तें सांग की." आणि तू पुन्हा सुरुवात करायचीस. स्वतःच्या अभ्यासासाठी पुस्तकातलं थोडं उतरवून घेता येतं. शिकवताना बाईंना धडा फळ्यावर लिहिता येतो. लग्नाच्या वरातीत बँडवाल्यानं सिनेमाचं गाणं वाजवलं तर नवऱ्या मुलाच्या बापानं कुणाची परवानगी आणायची नसते. आंधळ्या माणसाला वाचता यावं म्हणून पुस्तकाला वेगळं रूप देता येतं. कवीला जाऊन साठ वर्षं उलटली की कविता सगळ्यांची. आणि विचार कुणाचाच नसतो. त्याची मांडणी, त्याचे शब्द मात्र लिहिणाऱ्याचे. हे शेवटचं अत्त्याला कळायला आठवडा लागला. मग तीच म्हणाली, "म्हणजे उडदाच्या पिठाचं डांगर कसं करायचं तें सगळ्यांचं. तू लिहिलेलं डांगराचं पुस्तक तुझं." तू तिचा गालगुच्चा घेतलास.

समोरच्या मामी, मठातल्या बायका, सगळ्यांवर तू ती वाक्यं घासून बघितलीस. मठाला तर त्याची गरजच पडली. आपलं शनिवारचं भजन इंटरनेटवर जातं, बेंगळूर-अमेरिकेतली पोरं बघतात. एका शनिवारचं अख्खं भजन कुठल्याशा गाण्यांच्या कंपनीनं उडवलं. अभंग म्हणे त्यांचा. आपले सेक्रेटरी सेतुमाधवराव तक्रार करायला बसले. तिथं विचारलं होतं, ह्या रचनेचा मालक कोण? त्यांनी हात जोडले आणि लिहिलं, ‘श्री पांडुरंग, आमच्या मठांतला.’ तक्रार फेटाळली गेली. सेतुमाधवराव दुखावले. "मी खोटं काय लिहिलं, सुगुणा?" असं त्यांनी विचारलं तेव्हा तू हसत हसत रडायला लागलीस, आणि मग डोळे पुसून त्यांच्या शेजारी बसलीस. शब्द शेकडो वर्षांपूर्वीचे, ते सगळ्यांचे. त्या कंपनीची रेकॉर्ड त्या कंपनीची. आपण आपल्या गळ्यानं गायलो ते आपलं. एवढंच लिहिलंस. भजन परत आलं. त्या शनिवारी सेतुमाधवरावांनी तुला मठात सगळ्यांसमोर नमस्कार केला आणि तू लाजून खांबामागे गेलीस.

त्या दिवशी मला तुझा अभिमान वाटला. हे मी तेव्हा बोललो नाही, कारण बोललो असतो तर ‘मग कायदा बरा म्हणायचा की’ असं तू म्हणाली असतीस. ती संधी मी तुला देणार नव्हतो.

खात्याला मात्र तुझं पान पचेना. आज हे काढा, उद्या ते काढा. ‘लोक गैरफायदा घेतील’, ‘जनतेचा गोंधळ होईल’. सगळ्यांत जास्त अडलं ते शाळेच्या वाक्यावर. शाळेच्या कार्यक्रमात मुलांनी किंवा शिक्षकांनी गाणं म्हटलं, नाटक केलं आणि समोर बसलेले लोक म्हणजे मुलं, शिक्षक, आईबाप आणि शाळेशी संबंध असलेली माणसं असतील, तर कुणाची परवानगी लागत नाही. कायद्यात आहे तसंच तू लिहिलं होतंस, एक अक्षर पदरचं नाही. ते म्हणाले, हे वाक्य नको. तू म्हणालीस, कायदा आहे. ते म्हणाले, कायदा आहे, पण सांगायची काय गरज? तुझा तो फोन मी ऐकला आहे. तू ओरडली नाहीस. शाळेत मागच्या बाकावरच्या पोराशी बोलायचीस त्या आवाजात म्हणालीस, "मॅडम, तुम्ही म्हणता ते शिक्षण नव्हे, पाटी आहे. कुत्र्यापासून सावध. मला पाटी लिहायला यायचं नाही."

हे सगळं अर्ध्यात टाकून तू गेलीस. पाणी प्यायला उठलीस, खुर्चीत टेकलीस, संपलं. मी तुझ्यावर याबद्दलही चिडलोय. असं भांडण अर्ध्यावर टाकून कुणी उठून जातं?

तर चेन्नईचा तो फोन. पान गाळलं हे सांगून ती मुलगी थांबली नाही. म्हणाली, "सर, करारानुसार मॅडमचा सगळा मजकूर खात्याचा आहे. त्यांच्या संगणकावरची प्रत पुसून टाका आणि तसं कळवा." मग मी जे बोललो ते तुला आवडलं नसतं. ती बिचारी ऐकत राहिली. फोन ठेवून मी नवं संकेतस्थळ उघडलं. उंदीर आहे. प्रतिज्ञा आहे. तुझी तमिळ आहे, सुंदर, स्वच्छ. नाव कुठंच नाही. आणि तळाला बारीक अक्षरांत लिहिलंय की इथला मजकूर परवानगीशिवाय वापरू नये. लोकांनी वाचावं म्हणून काढलेली जागा आणि लोकांनी ते उचलून कुणाला दाखवायचं नाही! तू असतीस तर हसली असतीस. मला नाही हसू आलं.

सेतुमाधवराव म्हणाले, नको पुसूस, कोण बघतंय? अत्त्या म्हणाली, एक प्रत मामीकडे ठेवून दे. माझ्याही मनात तेच होतं. मी तुझ्या खोलीत जाऊन संगणक लावला, पान उघडलं. कडेला तू स्वतःसाठी तमिळ अक्षरांत मराठी टिपलं होतंस. ‘अत्त्याला कळलं.’ ‘अत्त्याला नाही कळलं, पुन्हा.’ ‘मादू भांडला, पण बरोबर भांडला.’

हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी तिथं बसून रडलो, अक्का. खूप वेळ.

आणि मग ते पान पुसलं. सगळं. सही तुझी होती करारावर. तुझ्या सहीला माझ्यामुळे बट्टा लागलेला मला चालला नसता. त्या मुलीला एका ओळीत कळवलं, पुसलं.

पण मग त्यांचं काय राहिलं माझ्याकडे? काहीच नाही. विचार कुणाचाच नसतो हे तूच शिकवलंस आणि अत्त्यानं डांगर घालून पक्कं केलं. शब्द त्यांचे, ते त्यांनी घ्यावेत आणि कपाटात कुलूप लावून ठेवावेत. पुढच्या शनिवारी आरती झाली आणि मी मठात माइक हातात घेतला. सेतुमाधवरावांना वाटलं, श्रद्धांजलीचं बोलणार. मी म्हटलं, "न विचारता काय काय करतां येतं तें सांगतो. लक्ष द्या."

मला बोलता येत नाही, मला ओरडता येतं. तसंच ओरडलो. आधी आपल्या मराठीत, मग तमिळमध्ये. तुझ्यासारखं घोटीव नव्हतं. वरातीच्या बँडशी गोंधळलो, तर बायकांच्या बाजूनं अत्त्या ओरडली, "तसं नाहीं रे, लग्न असलं तर! दुकानाच्या उद्घाटनाला नाहीं!" लोक हसले. मामी तमिळमध्ये आणखी काहीतरी जोडत होत्या. फळ्यावरच्या धड्याचं कुणी दुसरीनंच सांगितलं. मी माइक धरून उभा राहिलो आणि ऐकत राहिलो. खात्यानं एक प्रत पुसायला लावली होती. ह्या बायकांना कोण पुसायला सांगणार होतं?

सोमवारी पुन्हा त्या मुलीचा फोन. तिनं आमचं भजन बघितलं होतं.

"सर, हे आमच्या पानावरचं आहे."

"तुमच्या पानावर ते नाहीच," मी म्हटलं. "गाळलंत ना तुम्ही?"

ती काही म्हणायच्या आत मी पुढे बोललो.

"माझं एक वाक्य दाखवा, जे तुमच्या कागदावरून उचललंय. एक. मी मठात जाऊन माफी मागतो, नाक घासतो."

मग ती हळूच म्हणाली, "जपून बोला सर, एवढंच," आणि फोन ठेवला. तिला दोष देत नाही. तिच्याही डोक्यावर कुणी तरी बसलेलं असणार. पण दर शनिवारी मी बोलणार आहे. कायदा मला अजून पटलेला नाही, हे ध्यानात असू दे. तो मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेला आहे असंच माझं मत आहे. पण त्यात आमच्या वाटणीचं जेवढं लिहिलंय तेवढं जर कुणी झाकून ठेवत असेल, तर मी ते घसा फुटेपर्यंत सांगीन. घाबरवायला सरकारला इंटरनेट मिळतं, आणि धीर द्यायला काय, स्वयंपाकघर?

त्याच आठवड्यात जवळच्या पट्टीश्वरमहून एका बाईंचा फोन आला. तिथल्या एका लहान शाळेच्या हेडमिस्ट्रेस. त्यांची आई आमचं भजन बघते. शाळेच्या वार्षिक दिवसाला मुलं सिनेमातलं एक गाणं म्हणणार होती, महिनाभर सराव झाला होता. मग कुणी तरी शिक्षकानं ती प्रश्नमंजूषा सोडवली, उंदीर बघितला, आणि घाबरून गाणं रद्द केलं. मुलं रडतायत. बाईंनी विचारलं, "म्हणता येईल का हो?"

अक्का, तुझं ते वाक्य! सगळ्या पानातलं तेच, ज्याच्यासाठी तू फोनवर भांडलीस. मी त्यांना विचारलं, बघायला कोण? मुलं, शिक्षक, आईबाप, म्हणाल्या. तिकीट? छे. इंटरनेटवर टाकणार? नाही. मी म्हटलं, "मग गाऊ द्या. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा, पत्ता सांगा, दुकान मोठ्या रस्त्यावर आहे म्हणून सांगा." त्या रडायच्या बेतात होत्या. म्हणाल्या, तुम्ही या, पाहुणे म्हणून या, तुमच्या अक्कांच्या नावानं खुर्ची ठेवते.

काल संध्याकाळी दुकान लवकर बंद करून मी बसनं गेलो. गेटाजवळ बाई माझी वाट बघत उभ्या होत्या. आत मांडव, माळा, पुढच्या रांगेत रिकामी खुर्ची. मी गेटाशीच थांबलो.

"या ना सर," बाई म्हणाल्या.

"बघायला कोण असावं म्हणून सांगितलं होतं मी तुम्हांला?"

"मुलं, शिक्षक, आईबाप, शाळेशी संबंध असलेले लोक."

"माझं मूल ह्या शाळेत नाही. माझा ह्या शाळेशी काही संबंध नाही. मी पितळ विकतो."

त्या हसल्या, मग माझा चेहरा बघून थांबल्या. "एका माणसानं काय होतं, सर? कोण बघतंय?"

मला आत जायचं होतं, अक्का, फार जायचं होतं. तुझ्या नावाच्या खुर्चीत बसायचं होतं. पण ते वाक्य तू एवढं भांडून जपलंस, त्याला मीच पहिल्यांदा भोक पाडू? त्या खात्याला ‘बघा, गैरफायदा घेतातच’ म्हणायला माझ्याकडून निमित्त मिळू देऊ? नाही. मी बाहेर आलो, रस्ता ओलांडून पलीकडे, भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या माणसाच्या गाडीशेजारी उभा राहिलो. बाईंनी हात जोडले आणि आत गेल्या.

मुलं गायली. बेसूर, जोरात, कुणी पुढे, कुणी मागे. एका पोरीचा आवाज सगळ्यांच्या वर चढत होता आणि तिला कुणी थांबवत नव्हतं. भिंतीवरून सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. शेंगावाला म्हणाला, तुमचा मुलगा आहे का आत? मी म्हटलं, नाही, माझ्या बहिणीनं लिहिलेलं वाक्य आहे. त्याला वाटलं, गाणं तू लिहिलंस. मी दुरुस्त केलं नाही.

गाणं संपलं. आत आईबापांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर रस्त्यावर मी एकट्यानं वाजवल्या, त्यांचं थांबलं तरी वाजवत राहिलो.